ताई घरी येत राहिल्या पाहिजेत

जिल्हा बाल संरक्षण कक्षातली एखादी सामाजिक कार्यकर्ती नोकरी सोडून गेली तर त्याची बातमी होत नाही. पद कंत्राटी. मानधन बेताचं. मुदतवाढीचं पत्र कधी निघेल याची दर वेळी वाट पाहायची. अशात कुणाचं लग्न ठरतं, कुणाला घराजवळ बरी नोकरी मिळते, आणि ती जाते. तिच्याकडच्या फायली दुसऱ्या टेबलावर सरकतात. त्या फायलींत काही मुलं अशी असतात की जी बालगृहात नाहीत आणि स्वतःच्या घरीही नाहीत. तिसऱ्याच कुणाच्या घरात, त्या घरच्यांच्या हातचं खाऊन ती वाढत असतात. अशा मुलाला भेटायला येणारं, एकटं गाठून 'कसं चाललंय रे?' असं विचारणारं, त्याच्या आईचा निरोप आणणारं एकच माणूस होतं. ते आता येणार नसतं.

हा लेख त्या माणसासाठी आहे. प्रतिपालकत्व, म्हणजे ज्याला आता सगळे फॉस्टर केअर म्हणतात, ते महाराष्ट्रात अजून नीट रुजलेलं नाही. जेवढं रुजलं आहे तेवढं सामाजिक कार्यकर्त्यांच्या पायपिटीवर उभं आहे. ही पायपीट थांबली तरी योजना कागदावर राहील, अनुदानही कदाचित निघत राहील, पण योजनेतलं मूल एकटं पडेल. ती थांबू द्यायची नाही, एवढ्यासाठी मी लिहिते आहे.

मी प्रतिपालक आई आहे. आमच्या घरी आमची नसलेली मुलं राहून गेली, आजही राहताहेत. त्यांची नावं, गावं, वयं इथे येणार नाहीत. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी मी ती लिहिली नसती. मुलाच्या वाट्याला आलेलं दुःख ही त्याची स्वतःची गोष्ट असते. ती कुणाला सांगायची हे त्याने मोठं झाल्यावर ठरवावं.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण शेजारपाजारच्यांपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांचा तोच होतो. "दत्तक घेतलंत का?" असं विचारतात. नाही. दत्तक घेतलेलं मूल कायद्याने कायमचं तुमचं होतं. प्रतिपालकत्वातल्या मुलाला बहुतेक वेळा स्वतःची माणसं असतात. कुणाची आई मनोरुग्णालयात असते, कुणाचा बाप तुरुंगात. कुणाचे वडील दारूत बुडालेले असतात आणि आई माहेरी गेलेली असते, जिथे या पोराला जागा नसते. कायद्यानुसार दत्तक जाऊ शकणारं मूल दीर्घ काळाच्या प्रतिपालकत्वात द्यायचंच नसतं. आम्ही फक्त मधला काळ सांभाळतो. तो काही महिन्यांचा असेल, काही वर्षांचाही असेल. त्या काळात मुलाची शाळा, आरोग्य, आहार ही जबाबदारी आमची, आणि त्याचं घर सावरलं की त्याला परत पाठवायची तयारीही आमचीच.

२०१५च्या बाल न्याय कायद्यातलं ४४वं कलम हे सगळं सांगतं. त्यातल्या काही तरतुदी वाचताना मला नेहमी वाटतं, हे लिहिणाऱ्याने मुलांचा विचार मनापासून केला होता. भावंडांना शक्यतो एकाच घरी ठेवा. मुलाच्या आईवडिलांना ठरावीक काळाने त्याला भेटू द्या, आणि भेट नाकारायची झाली तर बाल कल्याण समितीने त्याची कारणं लिहून ठेवावीत. समितीने दर महिन्याला प्रतिपालक कुटुंबाची तपासणी करावी आणि मुलाची आबाळ होत असेल तर त्याला तिथून काढावं. दर महिन्याला, असं कायदा म्हणतो. समितीत अध्यक्ष धरून पाच माणसं. ती दर महिन्याला प्रत्येक घरी कशी जाणार? म्हणून समितीच्या वतीने घरी पोहोचतात त्या संरक्षण अधिकारी, सामाजिक कार्यकर्ती, बाह्यक्षेत्र कार्यकर्ता, किंवा एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या ताई. आम्ही सुरुवातीला त्यांना मॅडम म्हणायचो. पुढे त्या ताई झाल्या.

ताई मूल येण्याआधीच घरात येतात. गृह अभ्यास नावाचा अहवाल त्यांना करायचा असतो. उत्पन्न किती, घराच्या खोल्या किती, कुणाला काय आजार, पोलीस पडताळणी झाली का, वैद्यकीय दाखला आहे का, इथवर प्रश्न अपेक्षित असतात. मग त्या स्वयंपाकघरात येऊन बसतात आणि वेगळंच विचारतात. तुमच्या मुलाला हे मान्य आहे का? त्याच्याशी मी एकटीने बोलू का? सासूबाईंना कुणाच्या जातीपातीचं काही वाटेल का? मूल परत गेलं तर तुम्हाला झेपेल का? तपासणी अंगावर येते हे खरं. आपण चांगलं काम करायला निघालो आहोत आणि आपल्यावरच संशय, असं वाटतं. पण ज्या घराला हे प्रश्न सहन होत नाहीत, त्या घराने परक्या मुलाला आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूल येतं ते समितीचा आदेश आणि एक पिशवी घेऊन. पहिले काही दिवस ते फार शहाण्यासारखं वागतं. न सांगता ताट उचलतं, चपला ओळीने लावतं, कुणी मोठ्याने बोललं की उठून उभं राहतं. पाहुणे कौतुक करतात. ताईंनी मात्र आधीच बजावलेलं असतं: ही शिस्त नाही, ही भीती आहे, ती उतरू द्या. आणि खरोखरच काही आठवड्यांनी ते मूल हट्ट करतं, दार आपटतं, भाजी नको म्हणतं. त्या दिवशी मी ताईंना आनंदाने फोन केला होता.

एका मुलीच्या उशीखाली रोज पोळीचे तुकडे सापडायचे. बिस्किटं, गुळाचा खडा, एकदा वरणभाताचा लाडू कागदात गुंडाळलेला. मुंग्या लागायच्या. ताई म्हणाल्या, "ओरडू नका, आणि उशीखालचं काढूनही घेऊ नका. झोपताना तिच्या हाताशी एक डबा ठेवा, त्यात रोज काहीतरी असू दे. सकाळी डबा तसाच भरलेला दिसत राहिला की तिचं तिलाच कळेल." डबा ठेवला. ती रात्री उठून झाकण काढून बघायची आणि परत झोपायची. पुढे बघणंही थांबलं. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं असतं? अनेक घरांतली अनेक मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनाच हे माहीत असतं. म्हणून अशी बाई नोकरी सोडून जाते तेव्हा जाणारा अनुभव नव्या नेमणुकीने लगेच भरून येत नाही.

रोजच्या अडचणी शाळेपासून सुरू होतात. प्रवेशाच्या अर्जावर आईचं नाव, वडिलांचं नाव, पालकाचं नाव असे रकाने असतात. जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून आम्हाला थांबवलं गेलं. ताईंनी समितीचा आदेश दाखवला आणि शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याअभावी प्रवेश अडवता येत नाही हे शांतपणे समजावलं. आवाज चढवला नाही. मुलगा शेजारी उभा होता, आणि आपल्यामुळे भांडण झालं असं त्याला वाटू नये एवढं भान त्यांनी ठेवलं. पुढे त्याच मुलाचा खेळताना हात मोडला. सळई घालावी लागेल असं डॉक्टर म्हणाले, आणि संमतीच्या कागदावर सही कुणाची यावर काम अडलं. मी आई नाही. आई कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही. ताईंनी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला, परवानगीचं पत्र घेतलं आणि स्वतः येऊन दिलं. ऑपरेशन संपेपर्यंत त्या बाकावर बसून होत्या. जिल्ह्याच्या ठिकाणाहून त्या एसटीने आल्या होत्या, आणि परतीची शेवटची गाडी चुकणार हे त्यांना माहीत होतं.

यापेक्षा अवघड असते ती आईची भेट. एका मुलीची आई भेटीला आली ती कुरकुऱ्यांची माळ आणि नवा फ्रॉक घेऊन. फ्रॉक दोन मापांनी लहान होता. मुलगी तिच्याकडून गेली तेव्हा जेवढी होती, तेवढीच आईच्या डोळ्यांपुढे होती. मुलीने तो अंगाला लावून पाहिला आणि "होईल ना, होईल," असं आईलाच समजावलं. घरी आल्यावर ती जेवली नाही, आणि रात्री अंथरूण ओलं झालं. अशा रात्रीनंतर कुठल्याही घराला वाटतं की या भेटी नकोतच. ताई दुसऱ्या दिवशी आल्या. त्या म्हणाल्या, "भेट बंद केली तर रडणं थांबेल. पण आई आपल्याला विसरली, असं तिच्या मनात बसेल, आणि ते तुम्हाला किंवा मला काढता येणार नाही." मग त्यांनी मुलीला घेऊन आईसाठी चित्र काढायला लावलं. पुढच्या भेटीला त्यांनी स्वतः आईला सांगून ठेवलं, मापाचा कपडा कसा आणायचा ते. आईचा मान राहील अशा पद्धतीने सांगितलं.

याच ताई त्या आईच्या वस्तीतही जात होत्या. भाड्याची खोली मिळाली का, कामाला नियमित जाते का, दारू सोडवायचे उपचार नवऱ्याने मध्येच टाकले का, रेशनकार्डात मुलीचं नाव आहे का. एका घरात मूल वाढवायचं आणि दुसरं घर त्याच्यासाठी उभं करायचं, ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात तेव्हाच मूल परत जाऊ शकतं. मी कितीही माया केली तरी तिच्या आईचं घर मी उभं करू शकत नाही. ते माझ्या हातात नाही आणि माझं कामही नाही.

आणखी एक गोष्ट ताई प्रत्येक भेटीत करतात, जिच्याविषयी आम्ही पालक फारसे बोलत नाही. आम्हाला आत थांबायला सांगून त्या मुलाला मागच्या अंगणात नेतात. शाळेतून आल्यावर काय करतोस? भांडी कोण घासतं? घरातल्या लहानग्याला कोण सांभाळतं? तू कुठे झोपतोस? रात्री कुणाची भीती वाटते का? मुलींचे तळहात त्या सहज हातात घेऊन पाहतात. मला हे माहीत आहे, आणि मला ते हवं आहे. 'नातेवाइकाची मुलगी आहे, शिकायला ठेवली आहे' असं सांगून शहरात आणलेली आणि प्रत्यक्षात धुणीभांडी करणारी मुलगी आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या घरात पाहिलेली आहे. लोक बघतात आणि गप्प बसतात. प्रतिपालक घर आणि ते घर यांच्यातला फरक बाहेरून दिसत नाही. तो फरक राखतो अंगणातला तो एकांतातला अर्धा तास. तो काढून टाकला तर शासन स्वतःच्या शिक्क्याने मुलांना अशा घरांत पाठवू लागेल, आणि तिथे काय चाललंय हे कुणालाच कळणार नाही.

आता या कामाला माणसं किती आहेत ते पाहा. २००९-१० मध्ये एकात्मिक बालसंरक्षण योजना आली तेव्हा जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या रचनेत दोन सामाजिक कार्यकर्ते आणि दोन बाह्यक्षेत्र कार्यकर्ते धरलेले होते. अहिल्यानगर जिल्हा घ्या. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर, २०११च्या जनगणनेत पंचेचाळीस लाखांवर लोकसंख्या. एका टोकाला अकोले, दुसऱ्या टोकाला जामखेड. दोन सामाजिक कार्यकर्त्यांनी बालविवाह थांबवायचे, भीक मागणारी मुलं शोधायची, ऊसतोडीच्या फडांवर राहून गेलेल्या मुलांचा माग काढायचा, १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर आलेल्या तक्रारींना धावून जायचं, न्यायालयासाठी आणि समितीसाठी अहवाल लिहायचे, आणि त्यातूनच वेळ काढून प्रतिपालक घरांना महिन्याची भेट द्यायची. ही रचना पूर्ण भरलेली असती तरी पुरली नसती. भरलेली नसते तेव्हा महिन्याची भेट आधी तीन महिन्यांवर जाते, मग फोनवर येते. फोनवर मूल "बरा आहे" म्हणतं. शेजारी आम्ही उभे असतो. दुसरं काय म्हणणार ते?

९ फेब्रुवारी २०१८ रोजी संपूर्णा बेहुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बाल कल्याण समित्या आणि बाल न्याय मंडळं यांतल्या रिक्त जागा भरण्याबद्दल राज्यांना बजावलं होतं. न्यायालय जे म्हणालं त्याचा अर्थ आमच्यासारख्या घरांना रोज कळतो. समितीची मुदत संपली आणि नवी नेमली गेली नाही की मुलाचा आदेश वाढत नाही, आदेश वाढला नाही की अनुदान अडतं, शाळेत विचारणा होते. कागद थांबला की मुलाच्या कानावर काहीतरी पडतं आणि ते विचारतं, "मावशी, मला परत बालगृहात नेणार का?"

पैशांबद्दलही बोललं पाहिजे. २०२२ पासून बालसंरक्षणासाठी केंद्राची मिशन वात्सल्य योजना लागू आहे. त्यात प्रतिपालकत्वातल्या मुलामागे महिन्याला चार हजार रुपये आहेत, आणि खर्चात केंद्राचा वाटा साठ टक्के, राज्याचा चाळीस. आमचे पैसे काही वेळा महिनोन्महिने आले नाहीत. नोकरदार घर तग धरतं. पण महाराष्ट्रात याच्याशी जवळचं नातं असलेली एक जुनी योजना आहे, बालसंगोपन योजना. आज तिचा आधार बहुतेक एकट्या आईकडे, आजीआजोबांकडे किंवा नातलगांकडे राहणाऱ्या मुलांना होतो. तिची रक्कम एके काळी ४२५ रुपये होती, मग ११००, आणि आता २२५०. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. कोविडमध्ये आई किंवा वडील गेलेल्या कितीतरी मुलांच्या घरी यातून चूल पेटलेली आहे. पण मुदत वाढवून घ्यायची वेळ आली की सत्तरीची आजी उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचं बोनाफाईड, मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक अशी चळत घेऊन तहसीलपासून जिल्ह्यापर्यंत फिरते. तिचा कागद कुठे अडला आहे हे तिला सांगणारंही तेच माणूस असतं, संस्थेची किंवा कक्षाची कार्यकर्ती. ते नसलं तर आजी कंटाळून घरी बसते, आणि फायलीत लाभार्थी अनुपस्थित अशी नोंद होते.

सावित्रीबाईंचं नाव योजनेला दिलं हे योग्यच झालं. जोतीराव आणि त्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे विधवांच्या मुलांना आसरा दिला, त्यांपैकीच एका मुलाला, यशवंतला, आपला मुलगा केला. १८९७च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला स्वतः उचलून नेताना लागण होऊन त्या गेल्या. मुलापाशी स्वतः जाणं हे त्यांचं काम होतं. त्यांच्या नावाच्या योजनेतून मुलापाशी जाणारी माणसंच कमी झाली तर त्या नावाचं काय करायचं?

कुणी म्हणेल, चांगलं घर मिळालं की पुरे, एवढ्या भेटींची गरज काय? याचं उत्तर रुमानियातून मिळतं. चाउशेस्कूच्या राजवटीनंतर तिथली अनाथालयं मुलांनी भरलेली होती. २०००च्या सुमारास नेल्सन, फॉक्स आणि झीना या तीन अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखं निम्म्या मुलांना प्रतिपालक घरं मिळाली, निम्मी आधीच्याच व्यवस्थेत राहिली. घरात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, माणसांशी जोडलं जाणं, सगळ्यात फरक दिसला. दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांत तो सगळ्यांत ठळक. हे निष्कर्ष आता जगभर सांगितले जातात. सांगताना एक गोष्ट बहुतेक वेळा गळते. बुखारेस्टमध्ये तेव्हा प्रतिपालक घरं जवळपास नव्हतीच, म्हणून संशोधकांनी ती स्वतः उभी केली, आणि त्या घरांना नियमित भेटणारे, मार्गदर्शन करणारे सामाजिक कार्यकर्तेही नेमले. फरक पडला तो अशा पाठबळ असलेल्या घरांत. आपण त्या अभ्यासातलं घर उचललं आणि कार्यकर्ता मागेच ठेवला, तर तो फरक आपल्याकडे दिसेल असं मानायला आधार नाही.

२०२४ मध्ये केंद्राने प्रतिपालकत्वाची नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली. एकट्या व्यक्तीलाही, लग्न झालेलं असो वा नसो, आता प्रतिपालक होता येतं. याचं मी मनापासून स्वागत करते. पस्तिशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या कितीतरी शिक्षिका, परिचारिका मला माहीत आहेत, ज्यांच्या घरी मूल सुखाने वाढेल. पण दुसरा बदल मला काळजीत टाकतो. सांभाळलेल्या मुलाला दत्तक घेण्यासाठीची पाच वर्षांची अट दोन वर्षांवर आली. दत्तकासाठी वर्षानुवर्षं रांगेत असलेल्या जोडप्यांची तळमळ मी जाणते, आणि ज्या मुलाचं खरोखर कुणीच उरलेलं नाही त्याला लवकर कायमचं घर मिळत असेल तर ते हवंच. मात्र दत्तकाकडे जायची वाट म्हणून लोक प्रतिपालकत्वाकडे येऊ लागले, तर मुलाच्या आईची भेट त्यांना अडथळा वाटू लागेल. मूल परत गेलं तर ते हरले असं त्यांना वाटेल. हे आधी ओळखायचं आणि मुलाच्या आईची बाजू राखायची, हे काम पुन्हा सामाजिक कार्यकर्त्यांचंच. त्यांची संख्या वाढवल्याशिवाय हा बदल राबवणं मुलांच्या आयांवर अन्याय करणारं होईल. त्यातल्या बहुतेक जणी गरीब आहेत, आणि समितीपुढे त्यांच्या वतीने बोलायला वकील नसतो.

म्हणून मागणं आहे, आणि ते अगदी थेट आहे.

प्रत्येक जिल्ह्यात प्रतिपालक घरांसाठी वेगळे सामाजिक कार्यकर्ते हवेत, ज्यांच्याकडे दुसरं काम नसेल. त्यांची पदं कायम हवीत, आणि ते शक्य होईपर्यंत निदान मानधन वेळेवर आणि मुदतवाढ आधी हवी. फिरण्यासाठी गाडी किंवा प्रवासखर्च हवा. जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवायचा निर्णय राज्याने घेतलेला आहे. त्यातून गृहभेटींसाठी तरतूद करा, असं आपण पालकमंत्र्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना सांगू शकतो. आमदारांना विचारू शकतो, की आपल्या जिल्ह्यात बाल संरक्षण कक्षातल्या किती जागा रिकाम्या आहेत. माहिती अधिकारात एक अर्ज टाकला तरी उत्तर द्यावं लागतं. वर्तमानपत्रांनी बालगृहातली वाईट बातमी जेवढ्या मोठ्या मथळ्यात छापली, त्याच्या पावपट जागेत ही रिकाम्या पदांची यादी छापावी.

समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींना माझं वेगळं सांगणं आहे. निर्मला निकेतन, कर्वे समाजसेवा संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली लहान महाविद्यालयं, तुम्ही क्षेत्रकार्यासाठी बाहेर पडता. एका वर्षासाठी तरी प्रतिपालक घरांकडे या. कंपन्यांच्या सीएसआर विभागात पगार जास्त आहे हे मला मान्य आहे, घरच्या जबाबदाऱ्या सगळ्यांनाच असतात. तुम्ही टिकावं असं वाटत असेल तर पगार वाढवा, ही मागणी आम्ही पालकांनी तुमच्यासाठी करायची आहे, आणि आम्ही ती करू.

प्रतिपालकांना सांगते, एकमेकांना शोधा. आम्ही फार थोडे आहोत आणि विखुरलेले आहोत. मुलांची ओळख राखायची म्हणून आम्ही गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यात ताईंचं कामही दिसेनासं होतं. आपल्या ताईंची बदली झाली, करार संपला, तर पत्र लिहा. ही बाई आमच्या मुलाला ओळखते, तिला ठेवा, असं साध्या शब्दांत लिहा. समितीला प्रत द्या.

आणि ज्यांच्या मनात आहे की आपणही एखाद्या मुलाला काही काळ घरी आणावं, त्यांनी थांबू नये. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. सहा वर्षांवरची, दत्तक न जाऊ शकलेली मुलं तिथल्या बालगृहांत वाट पाहत आहेत, आणि त्यांच्यासाठी घरं फार कमी आहेत. उत्पन्नाचे, रहिवासाचे कागद न्या. घरातल्या सगळ्यांशी आधी बोलून घ्या. अर्ज देताना एक प्रश्न नक्की विचारा: आमच्या घरी भेटीला कोण येणार आहे आणि किती दिवसांनी? नाव सांगता आलं नाही, तर तोच प्रश्न कागदावर लिहून द्या, पोच घ्या, आणि अर्ज मागे घेऊ नका.